मुळशीचे सेनापती

गोमंतकीयांना सेनापती बापट स्मरतात ते १९५५ च्या गोवा सत्याग्रहातले, पंचाहत्तरीला टेकलेले. ‘सेनापती’ ही पदवी मात्र त्यांना मुळशीने दिली. १८८० साली पारनेरला जन्मलेले, विलायतेत शिकावयास जाऊन बॉम्बची विद्या घेऊन परतलेले हे क्रांतिकारक १९२१ मध्ये टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांच्या बाजूने निःशस्त्र उभे राहिले. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कंपनीने सरकारशी करार करावा, सरकारने काम लोकोपयोगी ठरवावे, की जमीन गेलीच! शेतकऱ्याने भांडावे ते मोबदल्यापुरते. संपादनालाच हरकत घेण्याची सोय १९२३ च्या दुरुस्तीने झाली. तीही सुनावणीपुरती, संमतीचा प्रश्नच नव्हता. त्यात जमिनी ज्यांच्याकडे अडकल्या होत्या ते सावकार वाढीव मोबदल्यावर राजी झाले. आमच्या मते लढा खचला तो येथेच. बापट मात्र हटले नाहीत. १९२४ मध्ये आगगाडी अडवून त्यांनी सात वर्षांची सजा पत्करली. धरण बांधले गेले. खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, असे कायद्याने म्हटले ते २०१३ साली; बापट १९६७ मध्येच निवर्तले होते.