वॉल्डेमार हाफकिन

काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा नावाचे बंदर आहे. तेथे इ. स. १८६० मध्ये एका ज्यू कुटुंबात वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म झाला. विद्यापीठात त्यांना मेचनिकॉव्ह हे थोर शास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभले आणि सूक्ष्म जंतूंच्या अभ्यासाची गोडी लागली. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. परंतु तेथे प्रथम मिळाली ती ग्रंथपालाची जागा. ग्रंथ सांभाळून उरलेल्या वेळात ते प्रयोग करीत. अशा परिश्रमांतून त्यांनी पटकीवरील लस तयार केली व १८९२ च्या जुलैत ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढल्या वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ उद्भवली. हजारो लोक घरेदारे सोडून गावी निघून गेले. अशा वेळी सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक लहानशी खोली व मोजके मदतनीस मिळाले. मांसाच्या रसात तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने ते मारले आणि त्यांपासून लस बनविली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी आपल्याच अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकले. पण जीवाला अपाय झाला नाही. मगच त्यांनी ती इतरांना दिली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा लस घेतलेल्या कैद्यांत रोग पुष्कळच कमी आढळला.

पुढे मात्र त्यांच्या धैर्याची निराळीच कसोटी लागली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला व त्यांना कामावरून दूर व्हावे लागले. पण त्यांनी चिकाटीने आपली बाजू मांडली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९०७ साली हा कलंक धुतला गेला. त्यानंतर ते पुन्हा हिंदुस्थानात कामावर रुजू झाले.

१९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे देहावसान झाले. परळ येथील गव्हर्नरच्या जुन्या वाड्यात १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा आली होती. १९२५ पासून ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दुसऱ्याला औषध देण्यापूर्वी त्याची जोखीम स्वतः पत्करणाऱ्या या परदेशी संशोधकाचे नाव मुंबईने असे जपले आहे.