सिंहलद्वीपाचे प्रेषित संत जोसेफ वाझ

आपल्या ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत आम्हीं गोमंतकाचे संत जोसेफ वाझ यांचें चरित्र देत आहों, त्यास एक कारण आहे. कापसाचें पीक हातचें जातें, घरांत दीर्घ दुखणें येतें, तरुण मूल मृत्यु पावतें. आणि मग देव आपणांस सोडून कोठें गेला, असें आपलीं माणसें आम्हांस विचारतात. हें विचारणें पाप आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

वाझ यांचा जन्म ता. २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टींतील बाणावली येथें झाला. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढें सिंहलद्वीपाची हकीकत त्यांच्या कानीं आली. डच लोकांनीं १६५८ पर्यंत तेथील पोर्तुगीजांचीं ठाणीं घेतलीं, कॅथलिक धर्मगुरूंस घालवून दिलें आणि त्यांस आसरा देणारास देहांत शिक्षा ठरविली. तेव्हांपासून सुमारें तीस वर्षें मिस्सा नाहीं, कुमसार नाहीं, मरणाऱ्यास शेवटचे संस्कार नाहींत. गुरु गेले त्याच जहाजांतून देवहि गेला, असें त्या लोकांस वाटलें असतें तरी नवल नव्हतें. तथापि दारें लावून कित्येक घरांतून माळेची प्रार्थना चालूंच राहिली.

वाझ यांस तिकडे जावयाचें होतें. परंतु वरिष्ठांनीं १६८१ सालीं त्यांस कानडा प्रांतीं पाठविलें. ते गेले. अखेर १६८७ सालीं मजुराच्या वेषांत, जॉन नांवाच्या एका तरुण सेवकासह, ते जाफना येथें उतरले आणि उतरतांच अतिसारानें अंथरुणास खिळले. रोग पसरेल या भयानें लोकांनीं त्यांस गांवाबाहेर रानांत नेऊन टाकिलें. एक स्त्री पेज आणून देई, तिजमुळें ते वांचले.

येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. ज्याच्या हातून तेथील लोकांस ख्रिस्तप्रसाद मिळावयाचा, तो त्यांच्याच उंबरठ्याशीं अनोळखी भिकाऱ्याप्रमाणें पडलेला! देव आला नाहीं असें जेव्हां घरांत म्हणत असतील, तेव्हां त्याचा सेवक जवळच्या झाडाखालीं होता.

बरे झाल्यावर ते गळ्यांत माळ घालून दारोदार भिक्षा मागूं लागले. माळ पाहून कोणाची मुद्रा पालटते, एवढेंच ते पाहत. अशा रीतीनें लपलेला कळप सांपडला, आणि रात्रीच्या वेळीं मिस्सा होऊं लागली.

१६९२ सालीं ते कँडीच्या राज्यांत गेले, तों पोर्तुगीजांचा हेर म्हणून राजानें त्यांस बंदींत टाकिलें. दोन वर्षें ते अटकेंत होते. या काळांत त्यांनीं सिंहली भाषा शिकून घेतली! पुढें अवर्षण पडलें असतां राजाच्या विनंतीवरून त्यांनीं उघड्या जागीं वेदी मांडून प्रार्थना केली व पाऊस आला, असें सांगतात. पावसाची वाट पाहणें म्हणजे काय, हें खानदेशांतील माणसास सांगावयास नको. लोकांस हीच गोष्ट अधिक आवडते. आम्हांस मात्र त्याआधींचीं तीं कोरडीं वर्षें अधिक मोलाचीं वाटतात.

१६९७ सालीं कँडींत देवीची सांथ आली. आप्तांनीं टाकून दिलेल्या रोग्यांस वाझ आपल्या हातांनीं धूत, भरवीत आणि मेलेल्यांस पुरीत. रोगी कोणत्या धर्माचा, हें त्यांनीं पाहिलें नाहीं. गोमंतकाहून त्यांच्या ऑरेटरी संस्थेचे दुसरे गुरु मदतीस येऊं लागले होते. तरी स्वदेशीं परतणें त्यांनीं मनांत आणिलें नाहीं. ता. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें त्यांनीं देह ठेविला.

१९९५ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं कोलंबो येथें त्यांस धन्य म्हणून घोषित केलें, आणि ता. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्याच शहरीं समुद्रकांठीं अफाट समुदायासमोर त्यांस संतपद दिलें. त्यांचें दफन कँडींतच झालें. परंतु ती जागा नेमकी कोणती, हें आज कोणासहि दाखवितां येत नाहीं.