क्लाराबाईंचा सुईदोरा

भगिनींनो, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मीही जुन्या कपड्यांचे एक गाठोडे मदतीसाठी दिले. त्यात पदर फाटलेले एक लुगडे होते. चार टाके घालण्याचा मला कंटाळा आला. पुढे क्लारा बार्टन यांचे चरित्र वाचनात आले आणि ते लुगडे मनाला टोचू लागले.

क्लाराबाईंचा जन्म २५ डिसेंबर १८२१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. मुलगी फार लाजाळू; पण अकराव्या वर्षी भाऊ उंचावरून पडून अंथरुणाला खिळला, तेव्हा तिने दोन वर्षे त्याची शुश्रूषा केली. पुढे त्या शिक्षिका झाल्या. बॉर्डनटाउन येथे १८५२ मध्ये त्यांनी मोफत शाळा नावारूपास आणली. पण मुख्याध्यापक म्हणून जास्त पगारावर एक पुरुष नेमला गेला! बाईंनी नोकरी सोडली, पण हाय खाल्ली नाही. यादवी युद्धात त्यांनी रणांगणावर जखमींची सेवा केली आणि १८८१ मध्ये अमेरिकन रेडक्रॉस स्थापन केली.

१८८९ मध्ये जॉन्सटाउनवर अतिवृष्टीने धरण फुटून २,२०९ माणसे दगावली. सदुसष्ट वर्षांच्या क्लाराबाई तेथे पाच महिने राहिल्या.

२७ ऑगस्ट १८९३ रोजी दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील बेटांवर भीषण चक्रीवादळ आले. तेथे गुलामगिरीतून सुटलेली कष्टाळू कृष्णवर्णीय कुटुंबे राहत. घरे गेली, पिके गेली, शेतात समुद्राचे पाणी शिरले. सुमारे तीस हजार लोकांना क्लाराबाईंनी हात दिला. नुसता शिधा वाटून त्या थांबल्या नाहीत. पुरुषांनी चर खणून शेतातील पाणी काढले, घरे उभारली. त्यांना बी-बियाणे आणि अवजारे दिली. आणि बायकांचे शिवणवर्ग सुरू केले. देशभरातून आलेले जुने कपडे त्या बायकांनीच नीट करून आपल्या माणसांना घातले. सुमारे दहा महिन्यांनी शेतात पुन्हा पीक उभे राहू लागले, तेव्हाच बाईंनी निरोप घेतला.

१९०० मध्ये गॅल्व्हस्टनच्या वादळातही, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्या धावून गेल्या. १२ एप्रिल १९१२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

दुःखात सापडलेला माणूस भिकारी नसतो, हे त्यांनी कृतीने शिकविले. यापुढे मंडळातून मदतीचे गाठोडे जाईल, त्याआधी एक दुपार आपण सगळ्याजणी सुईदोरा घेऊन बसू या. पहिली येणारी मी असेन.