पिएर सेरेसोल : फावडे हाती घेणारा ख्रिस्तसेवक

स्वित्झर्लंड देशातील लोझान शहरी ता. १७ ऑगस्ट १८७९ रोजी पिएर सेरेसोल ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पॉल सेरेसोल हे १८७३ साली त्या देशाचे अध्यक्ष होते. घरी मान व पैसा, दोहोंचीही उणीव नव्हती. पिएर ह्यांनी झुरिक येथे इंजिनियरिंगचे शिक्षण घेतले, आणि पुढे अमेरिका, हवाई बेटे व जपान येथे काही वर्षे काढली. अंगमेहनतीची कामे करून पोट भरणे म्हणजे काय, हे त्यांनी त्या प्रवासात अनुभवले. १९१४ साली ते मायदेशी परतले, आणि त्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले.

ख्रिस्ती म्हणविणारी राष्ट्रे परस्परांचा संहार करीत आहेत, हे पाहून त्यांचे मन व्याकूळ झाले. वडिलार्जित संपत्ती त्यांनी सरकारास देऊन टाकली. सैन्याच्या खर्चासाठी असलेला कर देण्यास नकार दिल्यामुळे त्यांना तुरुंगातही जावे लागले. परंतु केवळ नकार देऊन त्यांचे समाधान होईना. शिपाई देशासाठी घरदार सोडतो, थंडीवारा सोसतो. मग शांतीच्या प्रभूचे सेवक त्याहून कमी कष्टांत कसे समाधान मानतील, असा त्यांचा विचार होता.

युद्ध संपल्यावर १९२० साली त्यांनी फ्रान्स देशातील व्हर्दंजवळच्या एस्न ह्या उद्ध्वस्त गावी पहिली सेवाछावणी उघडली. निरनिराळ्या देशांचे मूठभर स्वयंसेवक जमले. त्यांत काल शत्रू असलेले जर्मनही होते. हिवाळाभर त्यांनी राडारोडा उपसला, रस्ता दुरुस्त केला, निराश्रितांसाठी लाकडी घरे उभारली. परंतु युद्धाच्या जखमा ओल्या होत्या. जर्मनांनी तेथे राहू नये, असा आग्रह सुरू झाला. आपल्या जर्मन बंधूंना वेगळे काढून काम चालविणे सेरेसोल ह्यांना मान्य नव्हते, म्हणून १९२१ साली छावणी मोडावी लागली.

जगाच्या दृष्टीने हा पराभवच होता; परंतु पेरलेले बी वाया गेले नाही. १९२४ साली स्वित्झर्लंडमधील डोंगराळ भागात हिमकडा कोसळला, तेव्हा त्यांनी पुन्हा छावणी घातली. सैन्यात अधिकारी असलेले त्यांचे बंधू एर्नेस्ट हेही मदतीस आले. १९२७ साली ऱ्हाईन नदीच्या पुराने लिक्टनस्टाईन देशातील शेते दगडगोट्यांखाली गाडली गेली. ती मोकळी करण्यास १९२८ साली सातशेहून अधिक स्वयंसेवक आले. छावणीत मजुरी नव्हती; केवळ अन्न व निवारा मिळे. कोणाचाही धर्म विचारला जात नसे, आणि गरीब मजुरांची रोजी बुडेल असे काम हाती घ्यावयाचे नाही, असा नेम होता.

ता. १५ जानेवारी १९३४ रोजी आपल्या देशात बिहार प्रांती भयंकर भूकंप झाला. हे ऐकून पंचावन्नाव्या वर्षाकडे झुकलेले सेरेसोल हिंदुस्थानात आले. बाबू राजेंद्रप्रसाद ह्यांच्या नेतृत्वाखाली साहाय्यकार्य चालले होते. मुझफ्फरपूर जिल्ह्यात पुराच्या पाण्याखाली जाणारी गावे उंच जागी वसविण्याच्या कामी सेरेसोल व त्यांचे थोडे सोबती १९३७ पर्यंत वेळोवेळी झटले. ज्यांचे राज्य होते त्यांच्याच वर्णाचा एक गृहस्थ, हुकूम सोडण्याऐवजी खेडुतांबरोबर माती वाहतो आहे, हे त्या काळी अपूर्वच होते.

१९३६ साली ते क्वेकर मंडळीत सामील झाले. दुसऱ्या महायुद्धात परवान्यावाचून जर्मनीची सीमा ओलांडल्याबद्दल त्यांनी कारावास भोगला. ता. २३ ऑक्टोबर १९४५ रोजी ते प्रभूच्या विसाव्यात गेले. त्यांनी आरंभिलेली आंतरराष्ट्रीय सेवासंस्था आजही अनेक देशांत तरुणांच्या छावण्या भरविते.

प्रिय वाचकहो, परदेशी सेवेस जाण्याची इच्छा आपल्या तरुणांपैकी पुष्कळांस होते. ती चांगली आहे. परंतु तेथे जाणाऱ्याने गुरू होऊन जाऊ नये, गडी होऊन जावे. ज्यांची सेवा करावयाची त्यांस काय हवे ते आधी विचारावे, आणि त्यांनी नाकारले तरी मनात कटुता धरू नये. ज्याला परदेशी जाणे शक्य नाही, त्याच्याही शेजारी पावसाने पडलेली एखादी भिंत असतेच. आणि ती ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे अशाची असेल, तर फावडे घेऊन प्रथम तेथेच जावे.