एका डोळ्याचा वैमानिक

मी अजून विमानात बसलेलो नाही. आकाशात घरघर ऐकू आली की अंगणात धावणाऱ्यांपैकी मी एक! पण विली पोस्टची जीवनकथा वाचल्यापासून तो आवाज मी निराळ्या कानांनी ऐकतो.

विली १८९८ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका शेतकरी कुटुंबात जन्मला. १९२६ मध्ये तेलविहिरीवरील अपघातात त्याचा डावा डोळा गेला. दुसरा कोणी खचला असता. याने नुकसानभरपाईच्या पैशांतून विमान घेतले! १९३१ मध्ये हॅरॉल्ड गॅटीसह त्याने नऊ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९३३ मध्ये तीच प्रदक्षिणा एकट्याने ७ दिवस, १८ तास, ४९ मिनिटांत पुरी केली. असा पराक्रम करणारा तो जगातील पहिलाच. पुढे अतिउंचावरील विरळ हवेसाठी त्याने हवेचा दाब राखणारा पोशाखही तयार करवून घेतला.

अशा माणसाचा घात झाला तो मात्र उड्डाणाच्या पहिल्या क्षणांत. १५ ऑगस्ट १९३५ रोजी अलास्कात पॉइंट बॅरोनजीक पाण्यावरून विमान उठले आणि एकुलते एक इंजिन बंद पडले. दोन विमानांचे भाग जोडून, खाली तरंगते बसवून केलेले ते विमान नाकाकडे जड होते. इंजिनाचा जोर जाताच ते उथळ पाण्यात कोसळले. विली आणि त्याचा सोबती, विनोदकार विल रॉजर्स, दोघेही गेले.

आजच्या मोठ्या प्रवासी विमानाला निदान दोन इंजिने असतात. प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिक एक निर्णय-वेग ठरवितात. त्याला ते ‘व्ही-वन’ म्हणतात. त्याआधी इंजिन गेले तर धावपट्टीवरच थांबायचे; नंतर गेले तर थांबायला धावपट्टी पुरत नाही, म्हणून उडायचेच. बंद इंजिनाच्या बाजूला वळू पाहणारे विमान सुकाणूने सरळ राखायचे, उरलेल्या इंजिनावर उंची गाठायची आणि मगच दोघांनी मिळून दोषाकडे वळायचे. घाई नाही. हे सारे जमिनीवरील कृत्रिम विमानकक्षात पुनःपुन्हा घोटलेले असते.

विलीचे धैर्य थोरच. पण आणीबाणीत धैर्याइतकीच आधी केलेली तयारी उपयोगी पडते, हे मला त्याच्या मरणाने शिकविले. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या माझ्यासारख्याने तरी ते विसरू नये!