भुलीच्या शोधात सापडलेले उन्मादाचे औषध

उन्मादाच्या भरात असलेला रुग्ण ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना त्या घराची दमछाक समजावून सांगावी लागत नाही. चार-चार रात्री झोप नाही, बोलणे थांबत नाही, हातातला पैसा उधळला जातो, कोणी अडवले की माणूस अंगावर धावून येतो. बायपोलर आजारातली ही चढती बाजू, म्हणजे मेनिया. १९५२ पूर्वी अशा रुग्णाला आवरण्यासाठी गुंगीची औषधे, विजेचे शॉक आणि बांधून ठेवणे, एवढेच बहुतेक डॉक्टरांच्या हाती होते. लिथियमचा गुण १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात दिसला होता, पण ती बातमी फार दूर गेली नव्हती. काही रुग्ण तर नुसते थकून दगावत.

हे चित्र बदलायला कारण ठरले आँरी लाबोरी. ते मनोविकारतज्ज्ञ नव्हते, फ्रेंच नौदलातले सर्जन होते.

लाबोरी यांचा जन्म १९१४ चा, हनोईचा. वडील लष्करी डॉक्टर. मुलगा लहान असतानाच ते धनुर्वाताने गेले. (पुढे मुलाच्या हातून प्रसिद्धीस आलेले औषध धनुर्वाताच्या वॉर्डातही आचके कमी करण्यासाठी वापरले गेले.) १९४० मध्ये डंकर्कजवळ त्यांची युद्धनौका बुडाली, त्यातून ते वाचले. त्यानंतरच्या वर्षांत त्यांना एक प्रश्न सतावू लागला. शस्त्रक्रिया नीट होऊनही काही रुग्णांचा रक्तदाब कोसळतो आणि ते जातात, ते का? जखमेपेक्षा त्या जखमेला शरीराने दिलेला अतिरेकी प्रतिसादच घातक ठरतो, असे त्यांचे मत झाले. तो प्रतिसाद सौम्य करण्यासाठी त्यांनी ट्युनिशियातल्या नौदल रुग्णालयात ॲलर्जीवरची औषधे वापरून पाहिली. रक्तदाबाचे काय झाले ते बाजूला राहू द्या, पण त्यांच्या लक्षात वेगळेच आले. रुग्ण जागे होते, प्रश्नांना उत्तरे देत होते, मात्र शस्त्रक्रियेची धास्ती त्यांना राहिली नव्हती.

हे टिपणे हीच लाबोरींची खरी कमाई. असा शांत रुग्ण शेकडो सर्जनांनी पाहिला असेल, आणि काम सोपे झाले म्हणून पुढे गेले असतील.

ऱ्होन-पूलँक या औषध कंपनीत पॉल शारपाँतिये यांनी डिसेंबर १९५० मध्ये त्याच घराण्यातले नवे रसायन तयार केले होते, क्लोरप्रोमाझीन. १९५१ मध्ये पॅरिसच्या वाल-द-ग्रास लष्करी रुग्णालयात लाबोरींनी ते भुलीसोबत वापरले. तोच निवांतपणा, पण अधिक ठळक. मग ते मनोविकार विभागातल्या सहकाऱ्यांच्या मागेच लागले. नोव्हेंबरमध्ये एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी ते स्वतःच्या शिरेतून टोचून घेतले, आणि उठून चालायला गेल्या तेव्हा त्यांना घेरी आली. आजही या इंजेक्शननंतर रुग्णाला काही वेळ झोपवून ठेवतात, ते याचसाठी. उभे राहताच रक्तदाब उतरतो.

१९ जानेवारी १९५२ रोजी वाल-द-ग्रासमध्ये तीव्र उन्माद असलेल्या २४ वर्षांच्या तरुणाला ५० मिलिग्रॅमचे पहिले इंजेक्शन मिळाले. काही तास तो शांत झाला, मग पुन्हा पूर्ववत. डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागले, सोबत गुंगीची औषधे आणि शॉकही होते. सुमारे वीस दिवसांनी तो घरी जाण्याइतका सावरला. मात्र गुण कशाचा, हे त्यातून नक्की सांगता येत नव्हते.

ते सिद्ध केले सेंत-आन रुग्णालयातल्या झाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी. त्यांनी हे औषध एकटेच, रोजच्या रोज दिले. त्यांच्या एका रुग्णाची हकिकत मानसोपचाराच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. डोक्यावर फुलझाडाची कुंडी घेऊन रस्त्यात भाषणे ठोकणारा हा ५७ वर्षांचा मजूर साधारण नऊ दिवसांत सरळ बोलू लागला आणि तीन आठवड्यांत घरी जाण्याच्या स्थितीत आला. तो झोपवला गेला नव्हता. जागा राहून शांत झाला होता. गुंगीच्या औषधात आणि अँटीसायकोटिकमध्ये फरक आहे तो हाच. नातेवाईक मात्र आजही ‘झोपेच्या गोळ्या चालू आहेत’ असेच सांगतात.

मेंदूतील डोपामिनचा संदेश ही औषधे अडवतात, हे कळायला आणखी दहा-बारा वर्षे गेली. तोवर हात कापणे, अंग आखडणे, चेहरा निर्विकार होणे हे दुष्परिणामही डॉक्टरांच्या पुरते ओळखीचे झाले होते. आज उन्मादासाठी ओलान्झापीन, रिस्पेरिडोन, क्वेटियापीन, हॅलोपेरिडॉल यांपैकी एखादे, बरेचदा लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटच्या जोडीने देतात. नव्या औषधांत आखडणे कमी, पण काहींनी वजन आणि साखर वाढते. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून औषध बदलता येते. मनाने बंद केले की उन्माद परततो, आणि बहुधा रुग्णाला आपण ठणठणीत झालो असे वाटू लागते तेव्हाच ते बंद केले जाते.

१९५७ चा लास्कर पुरस्कार लाबोरी, देनिकेर आणि इतर काहींना मिळाला. त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील होते. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे त्यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडले होते. त्याच मुळीतले रेसर्पीन पुढे अमेरिकेत मनोरुग्णांसाठी वापरले गेले. नोबेल मात्र लाबोरींच्या वाट्याला आले नाही. मानसोपचारातल्या शोधाचे श्रेय एका सर्जनला द्यायचे की नाही, यावर पॅरिसमध्ये बराच काळ धुसफूस चालू राहिली. नौदल सोडून ते बुसिको रुग्णालयातल्या आपल्या प्रयोगशाळेत रमले, पुस्तके लिहीत राहिले, आणि १९८० मध्ये आलँ रेने यांच्या एका चित्रपटात मेंदू आणि वागणूक यांविषयी स्वतः पडद्यावर बोलले. १८ मे १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. क्लोरप्रोमाझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत अजून आहे.