ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित

दापोली तालुक्यातील मुरूड हे महर्षी कर्वे यांचे गाव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. याच गावी १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म झाला. प्राथमिक शिक्षण गावीच झाले. १८७० साली ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. पुढे मॅट्रिक झाले. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्यापाशी नव्हती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा गावी मास्तरकी करीत फावल्या वेळी त्यांनी ज्योतिषाचा अभ्यास केला. सामान्य वाचकांना तारे ओळखता यावेत म्हणून ‘ज्योतिर्विलास’ लिहिला. १८९६ साली ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा महान ग्रंथ प्रसिद्ध झाला.

कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे. आज त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेस उगवतात. अयनचलनाने पडलेला हा फरक मोजून दीक्षितांनी त्या वचनाचा काळ इ. स. पूर्व ३००० च्या सुमाराचा ठरविला. विद्वानांत त्यावर मतभेद झाले; पण एका तारकागुच्छावरून इतिहास मोजण्याची दृष्टी एका शाळामास्तराने दिली. १८९८ साली, पंचेचाळिशी गाठण्यापूर्वीच, ते निवर्तले.

विद्यार्थी मित्रहो, कृत्तिकांचा गुच्छ विरळ, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. गोलाकार गुच्छांत लाखो तारे दाटलेले असतात. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास रत्नागिरीहून दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे २५ अंशांवर, ओमेगा सेंटॉरी शोधा. डोळ्यांना तो अंधुक तारा वाटेल. सहा इंची दुर्बिणीतून त्याचे सुटे तारे दिसू लागतील. दीक्षितांचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत कोणती?